पंधरा दगडांचे उद्यान

जपानमधील क्योतो नगरीच्या वायव्य भागात ऱ्योआन-जी नावाचे एक बौद्ध मंदिर आहे. २०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका सरकारी प्रशिक्षणाच्या निमित्ताने त्या देशात काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा मिळालेल्या एका मोकळ्या दिवशी मी हे मंदिर पाहावयाचे ठरविले. मंदिराचे दार सकाळी आठ वाजता उघडते. गर्दी जमण्यापूर्वी निवांतपणे सारे पाहावे म्हणून मी थोडा आधीच जाऊन उभा राहिलो होतो. परंतु शाळकरी मुलांचा एक तांडा माझ्याही आधी तेथे दाखल झालेला होता. पादत्राणे काढून, थंडगार लाकडी फळ्यांवरून पावले टाकीत आम्ही सारे बरोबरच आत गेलो. मुले ओसरीच्या कडेला ओळीने बसली आणि बोटे पुढे करून समोरचे दगड मोजू लागली. इची, नी, सान, शी... प्रत्येकाची मोजणी चौदावर येऊन थांबत होती. एक मुलगा उठून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तेथून त्याला हुकलेला दगड सापडला असावा, कारण तो आनंदाने ओरडला. पण लगेच त्याच्या ध्यानात आले, की नवा एक सापडताना जुना एक हरवला आहे. मोठा हशा पिकला. शिक्षिकेने ओठांवर बोट ठेवले. मी चाळिशी ओलांडलेला सरकारी अधिकारी. तरीही आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही असे पाहून मीही हळूच मोजले. चौदाच भरले.

त्या अंगणात दगड एकूण पंधरा आहेत. ओसरीवर कोठेही बसा, निदान एक तरी दुसऱ्याच्या आड राहतोच. जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध असलेल्या या जपानी उद्यानाची ही रचना आहे, आणि तिच्याविषयीच आज मला बोलावयाचे आहे.

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुलझाडांचे वाफे येतात, कारंजे येते, हिरवळ येते. येथे त्यांतले काही नाही. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा एक आयताकृती चौक आहे. त्याच्या एका अंगाला मठाधिपतीच्या निवासाची ओसरी, आणि समोर व उजव्या हाताला मातीची ठेंगणी भिंत. चौकात पांढरट खडी पसरलेली असून तीवर दंताळ्याने समांतर रेघा ओढलेल्या आहेत. या खडीत दगडांचे पाच पुंजके आहेत. डावीकडून उजवीकडे मोजले तर पाच, दोन, तीन, दोन आणि तीन. दगडांच्या पायाशी तेवढे शेवाळ आहे. बाकी हिरवे असे काही नाही. पाणी तर नाहीच. या प्रकारच्या उद्यानाला जपानी भाषेत ‘कारेसान्सुई’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ वाळलेले डोंगर-पाणी असा होतो. डोंगराच्या ठिकाणी दगड, आणि पाण्याच्या ठिकाणी खडीवरच्या रेघा.

खरे सांगावयाचे तर पहिल्या क्षणी माझी निराशा झाली. आमच्याकडे एखाद्या इमारतीचा पाया भरण्यापूर्वी जागेवर खडी पसरून ठेवतात आणि चार धोंडे इकडेतिकडे पडलेले असतात, त्याहून हे वेगळे ते काय, असा अरसिक विचार मनात येऊन गेला. मात्र पंधरा-वीस मिनिटे बसल्यावर असे जाणवू लागले, की आपली दृष्टी दगडांवर ठरत नसून दगडांच्या मधल्या रिकाम्या जागेतून वाहते आहे. ती एका पुंजक्याला वळसा घालते, दुसऱ्याकडे जाते आणि फिरून आपल्याच पायांशी येते. हा माझ्या मनाचा खेळ नव्हता, हे पुढे वाचनात आले. २००२ साली क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात या रिकाम्या जागेचे गणित मांडले. दगडांपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या बिंदूंची रेषा काढीत गेले, तर फांद्या फुटलेल्या झाडासारखी आकृती तयार होते. आणि त्या झाडाचे खोड ओसरीच्या ज्या मध्यभागी येऊन टेकते, तेथूनच पूर्वी हे उद्यान पाहण्याचा प्रघात होता. दगडांची जागा थोडी जरी बदलली तरी ते झाड मोडते. ज्याने कोणी हे दगड बसविले त्याला हे गणित ठाऊक नव्हते. डोळा मात्र होता.

तथापि मी सरकारी नोकर. प्रत्येक कागदावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ पाहण्याची सवय जडलेली. म्हणून ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न माझ्या मनातून काही केल्या जाईना. त्याची उत्तरे देणारे पुष्कळ आहेत. कोणी म्हणतात, हा समुद्र आहे आणि दगड ही त्यातील बेटे. कोणी म्हणतात, ही ढगांच्या वर डोकावणारी पर्वतशिखरे. चित्त या अर्थाच्या चिनी अक्षराची आकृती दगडांच्या मांडणीत पाहणारेही आहेत. पंधरा ही पौर्णिमेची तिथी, म्हणजे पूर्णतेची संख्या; आणि त्यातला एक दगड नेहमी अदृश्य, म्हणजे मनुष्याचे ज्ञान नेहमी अपूर्ण, असा अर्थ सांगणारे तर वाटाड्यांमध्ये पदोपदी भेटतात. सर्वांत जुन्या अर्थांपैकी एक मला विशेष आवडला. एका वाघिणीला आपले बच्चे नदीपार न्यावयाचे आहेत. त्यांतला एक असा दुष्ट, की आई जवळ नसली तर भावंडांना खाऊन टाकील. तेव्हा कोणाला आधी न्यावे आणि कोणाला परत आणावे? आपण लहानपणी वाघ, शेळी आणि गवताचे कोडे घालीत असू, त्याचेच हे चुलत भावंड. मंदिर स्वतः मात्र यांपैकी कोणताही अर्थ पाहणाऱ्यावर लादीत नाही.

सर्वच जपानी उद्याने अशी मौन धरून बसतात असे मात्र नव्हे. बहुतेक जुन्या उद्यानांची चिन्हभाषा ठरलेली आहे, आणि ती वाचता येते. तळ्यातील एखाद्या बेटावर एका टोकाला दगड डोके वर काढून बसविलेला असेल, तर ते कासव. दुसऱ्यावर पंखासारखा उंच दगड असेल, तर तो क्रौंच. दोघेही दीर्घायुष्याचे प्रतीक. मध्ये एखादे दुर्गम बेट असेल, तर ते होराई, म्हणजे चिनी पुराणांतील चिरंजीवांचे निवासस्थान. क्योतोच्याच तेन्ऱ्यू-जी मंदिरात तळ्यापलीकडे दगडांचा एक धबधबा आहे आणि त्याच्या मध्यावर माशाच्या आकाराचा एक दगड उभा केला आहे. धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो अशी चिनी कथा आहे. साधकाने काय करावयाचे ते त्या दगडाने सांगावे, अशी योजना.

आणि या चिन्हांतील एक चिन्ह आपले आहे. एका गोलाकार रचनेच्या मध्यभागी एक उंच दगड आणि त्याच्याभोवती लहान दगड, अशी मांडणी दिसली, तर ती बहुधा ‘शुमिसेन’ असते. शुमिसेन म्हणजे सुमेरू. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला क्योतोमधल्या एका अंगणात मेरू पर्वत भेटावा, याचा आनंद काय वर्णावा! परंतु हा मेरू जपानच्या अंगणात प्रथम कोणी उभा केला याची हकीकत वाचली, तेव्हा त्या आनंदाला एक वेगळीच धार आली. जपानच्या ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथात ती आहे. सन ६१२. सुइको ही सम्राज्ञी राज्य करीत होती. कोरियातील पेक्चे राज्यातून काही माणसे जपानात आली. त्यांतील एकाच्या तोंडावर आणि अंगावर पांढरे डाग होते. आपण ज्याला कोड म्हणतो तसे. लोकांना त्याची किळस आली, आणि त्याला समुद्रातील एका बेटावर नेऊन टाकावे असे ठरू लागले. तेव्हा तो मनुष्य म्हणाला, की अंगावरचे ठिपके तुम्हांला खपत नसतील, तर तुमच्या देशात ठिपक्यांची गुरे-घोडी तरी का पाळता? शिवाय मला थोडी कला येते, मी डोंगराची आकृती रचू शकतो. मला ठेवून घ्याल तर देशाच्या उपयोगी पडेन. मग त्याला बेटावर टाकण्याचे रहित झाले, आणि राजवाड्याच्या दक्षिण अंगणात त्याने सुमेरू पर्वत आणि चिनी पद्धतीचा एक पूल बांधला. त्याला लोक मिचिको नो ताकुमी म्हणू लागले.

जपानच्या उद्यानकलेच्या इतिहासात रचनाकार म्हणून नावानिशी येणारा हा अगदी पहिल्यांपैकी एक मनुष्य. आणि तो हद्दपारीच्या उंबरठ्यावरून परतलेला. मेरू आपल्या पुराणांत देवांचे निवासस्थान आहे. ज्याला माणसांनी वस्तीत ठेवण्याचे नाकारले, त्याच्या हातून तो तेथे उभा राहिला.

पुढे चार-साडेचार शतकांनी या कलेचे शास्त्र झाले. अकराव्या शतकात रचलेला ‘साकुतेइकी’ हा ग्रंथ तिचा आद्य ग्रंथ होय. ताचिबाना नो तोशित्सुना या उमरावाकडे त्याचे कर्तृत्व दिले जाते. वास्तुशास्त्राची पोथी चाळलेल्या कोणाही भारतीयाला हा ग्रंथ वाचताना घरच्यासारखे वाटेल. पूर्वेला वाहता ओढा हवा, पश्चिमेला मोठा रस्ता, दक्षिणेला तळे आणि उत्तरेला टेकडी. ओढा नसेल तर? तर त्याऐवजी विलोची नऊ झाडे लावावीत! रस्ता नसल्यास अमुक सात, तळे नसल्यास तमुक नऊ. नियम आणि लगोलग पर्यायी तरतूद. हा ग्रंथकार आमच्याच खात्यातला असावा, अशी शंका मला येऊन गेली. निषेधही पुष्कळ आहेत. डोंगरात जो दगड उभा होता तो अंगणात आडवा करू नये, आडवा होता तो उभा करू नये; केल्यास घरावर अरिष्ट येते. परंतु या भीतीच्या आणि शकुनांच्या गर्दीतून मधूनच अशी एखादी ओळ येते, की वाचणारा थबकतो. प्रमुख दगड प्रथम बसवावा, आणि मग बाकीचे त्याच्या मागणीप्रमाणे बसवावेत, असे तो सांगतो. मागणी कोणाची, तर दगडाची! एखाद-दुसरा दगड पळून जातो आहे असा बसविला, तर त्याच्या पाठीस लागणारे सात-आठ असावेत, मुलांच्या पकडापकडीच्या खेळासारखे. डोंगराच्या पायथ्याचे दगड कुत्री पहुडावीत तसे, किंवा गाईभोवती वासरे बागडावीत तसे. हे लिहिणारा मनुष्य दरबारात नुसता बसलेला नव्हता. त्याने दगड बसविताना उभे राहून पाहिले होते.

उभे राहून पाहिले होते, असे मी म्हटले. मग बसविणारे कोण होते?

जपानमध्ये मध्ययुगात ‘कावारामोनो’ नावाचा एक वर्ग होता. नदीच्या वाळवंटातील माणसे, असा त्या शब्दाचा अर्थ. क्योतोमधून वाहणाऱ्या कामो नदीला पूर येई. तिच्या काठावरील जमिनीला कर नसे, आणि म्हणून ज्यांना गावात जागा नव्हती ते तेथे राहत. मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खोदणे, ही त्यांची कामे. मरणाशी आणि रक्ताशी संबंध आला, म्हणून ते अपवित्र. जमीन खणणे हेही तेव्हा जोखमीचे मानीत. भूमीतल्या देवतेचा कोप होईल ही धास्ती. तेव्हा जो आधीच विटाळलेला आहे त्यानेच ती खणावी, असा समाजाचा सोयीस्कर तोडगा. झाडे उपटून आणणे, दगड हलविणे, तळी खोदणे ही कामे अशा रीतीने त्यांच्याकडे आली. आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत ही हलकी समजली गेलेली माणसे त्या कलेत एवढी पारंगत झाली, की ‘सेन्झुई कावारामोनो’, म्हणजे उद्याने रचणारे नदीकाठचे लोक, असा त्यांचा एक निराळा वर्गच झाला. शोगुनच्या हुकमाने ते मोठमोठ्या मठांत आणि वाड्यांत शिरत, कोणते झाड आणि कोणता दगड न्यावयाचा ते स्वतः पारखून ठरवीत.

त्यांतील सर्वश्रेष्ठ म्हणजे झेन्आमी. ‘आमी’ हा त्याच्या नावातील प्रत्यय अमिताभ बुद्धाच्या नावातून आलेला आहे. आशिकागा योशिमासा या शोगुनचा तो आवडता उद्यानकार होता. राज्यकारभारात योशिमासा अगदी सामान्य. त्याच्याच कारकिर्दीत १४६७ ते १४७७ ही अकरा वर्षे ओनिन युद्ध चालले आणि क्योतो जळून गेले. परंतु कलेची त्याची पारख पक्की होती. झेन्आमी आजारी पडला तेव्हा शोगुनने त्याच्यासाठी औषध पाठविल्याची नोंद एका मठाच्या दप्तरात सापडते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानावा अशा माणसासाठी राज्याच्या अधिपतीने औषध पाठवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १४८२ साली झेन्आमी वारला, तेव्हा त्याचे वय ९७ होते असे सांगतात.

त्याच्या नातवाचे नाव मातशिरो. तोही हेच काम करी. १४८९ साली एका विद्वान भिक्षूशी त्याचे बोलणे झाले, ते त्या भिक्षूने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे. मातशिरोने सांगितले, की जनावरे मारणाऱ्यांच्या घराण्यात आपला जन्म झाला याचे आपल्याला मनापासून दुःख वाटते. म्हणून आपण कोणत्याही जिवाची हत्या न करण्याची आणि धनाचा लोभ न धरण्याची प्रतिज्ञा केली आहे. एवढेच. मी हे वाचले तेव्हा पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले. ज्याच्या आजाची बरोबरी करणारा उद्यानकार देशात नव्हता, आणि जो स्वतः त्या कलेचा जाणकार होता, त्याला आपल्या जन्माबद्दल दुःख वाटते. ते दुःख त्याच्या मनात कोणी पेरले, याचा उच्चार मात्र तो करीत नाही. मराठी माणसाला अशा वेळी मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना त्याखाली गाडले गेलेले चोखोबा आठवल्यावाचून राहत नाहीत. जपानमध्ये या लोकांवरील कायदेशीर हीनतेचा शिक्का १८७१ साली सरकारी फर्मानाने काढला गेला. लग्न जुळविताना आणि नोकरी देताना तो त्यानंतरही किती काळ पाहिला जात होता, हे आपणा भारतीयांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पुन्हा ऱ्योआन-जीच्या ओसरीवर येऊ. १४५० साली होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने हे मंदिर स्थापिले, ओनिन युद्धात ते जळाले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस पुन्हा उभे राहिले. दगडांची मांडणी नेमकी केव्हाची आणि कोणाची याविषयी विद्वानांचे एकमत नाही. जुन्या परंपरेने सोआमी या दरबारी चित्रकाराचे नाव घेतले आहे. कोणी एखाद्या भिक्षूचे नाव घेतात. पण एक पुरावा असा आहे, की तो कागदावर नसून दगडावर आहे. मागच्या भिंतीलगत असलेल्या एका लांबट दगडाच्या पाठीवर दोन नावे कोरलेली आहेत. एक कोतारो. दुसऱ्याचे पहिले अक्षर झिजले असल्यामुळे कोणी ते हिकोजिरो वाचतात, कोणी सेइजिरो. दोन्ही नावे साध्या माणसांची, कुळनावाशिवायची. ही माणसे कावारामोनो असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यांनी हे उद्यान रचले की नुसते दगड ओढून आणले, यावर वाद चालू आहे. मला एवढेच दिसते, की नावे दगडाच्या भिंतीकडील बाजूस आहेत. ओसरीवर बसणाऱ्याला ती दिसणार नाहीत, हे कोरणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्यांनी ती कोरली.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या उद्यानाच्या तात्त्विक अर्थाचा जो बोलबाला आज ऐकू येतो, तो फारसा जुना नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी या मंदिरात लोक येत ते मुख्यतः खालच्या अंगाला असलेले मोठे तळे आणि त्यातील रंगीबेरंगी बदके पाहण्यासाठी. ‘झेन उद्यान’ हा शब्दप्रयोगच १९३५ साली लोरेन कुक या अमेरिकन लेखिकेच्या इंग्रजी पुस्तकातून प्रचारात आला असे मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरचे प्रवासी येऊ लागले, १९७५ साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ येऊन गेल्या, १९९४ साली क्योतोच्या इतर प्राचीन स्थळांबरोबर याचाही जागतिक वारशात समावेश झाला. आणि शून्य, अनित्यता, ध्यान हे शब्द त्या खडीवर दाट पसरले. ते अर्थ खोटे आहेत असे मी म्हणत नाही. पाहणाऱ्याला जे जाणवले ते त्याच्यापुरते खरे असते. पण शून्याचा अर्थ शोधणारे आपण सारे ओसरीवरून बोलत असतो. पाच-सहा माणसांनी पहारी लावून तो दगड खड्ड्यात उतरविला असेल, ‘अजून थोडा डावीकडे’ असे कोणीतरी ओरडले असेल, आणि एका क्षणी कोणाच्या तरी डोळ्याने ‘आता बसला’ असे ठरविले असेल. तो डोळा कोणाचा, हा प्रश्न मला अर्थाच्या प्रश्नाहून अधिक निकडीचा वाटू लागला आहे.

याचे कारण थोडे खाजगी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका दुष्काळी तालुक्यात माझी नेमणूक होती. रोजगार हमीच्या कामावर तेथे एक पाझर तलाव झाला. दगडी पिचिंगचे काम इतके नेटके उतरले होते, की पाहणीला आलेल्या वरिष्ठांनी थांबून त्यावरून हात फिरविला. तलावाच्या भरावाशेजारी कोनशिला बसविली गेली. तीवर कोणाकोणाची नावे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या आकाराच्या अक्षरांत कोरावयाची याची टिपणी मीच तयार केली होती. खालच्या ओळीत माझेही नाव होते. ज्या माणसांनी ते दगड एकमेकांत बसविले त्यांची नावे हजेरीपटावर होती. हजेरीपट तपासून मी त्यावर सही केली होती. आज त्यांतले एकही नाव मला आठवत नाही. हजेरीपट मुदत संपल्यावर इतर कागदांबरोबर नष्ट झाले असतील. कोनशिला जागेवर आहे.

मराठी श्रोत्यांपैकी ज्यांना जपानला जाणे शक्य नाही, त्यांना जपानी पद्धतीचे एक उद्यान पुण्यात पाहता येते. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातील कोराकुएन या उद्यानाच्या धर्तीवर केलेले असून ते २००६ साली खुले झाले. दहा एकरांच्या या जागेत वळणावळणाचा पाण्याचा प्रवाह, पूल, टेकड्या आहेत. हा प्रकार ऱ्योआन-जीहून अगदी निराळा. कोराकुएन १७०० साली पुरे झाले. इकेदा त्सुनामासा या सरदारासाठी त्याच्या त्सुदा नागातादा या कारभाऱ्याने ते घडविले. असे उद्यान बसून पाहावयाचे नसते, चालत पाहावयाचे असते. वाट अशी वळविलेली असते, की पुढचे दृश्य एका झाडाआड किंवा टेकाडाआड दडलेले राहावे आणि चार पावलांनी अकस्मात समोर यावे. लपविणे आणि दाखविणे हेच येथील सारे कौशल्य. १९३४ सालच्या पुराने आणि १९४५ सालच्या बाँबफेकीने कोराकुएनचा नाश झाला, तेव्हा जुने नकाशे आणि चित्रे जपून ठेवलेली होती, म्हणून ते पुन्हा जसेच्या तसे उभारता आले. दप्तर नीट ठेवण्याचा हा फायदा मी सहकाऱ्यांना आवर्जून सांगत असतो.

आणि सांगण्यासारखी अशीच एक गोष्ट क्योतोच्या उत्तरेकडील एन्त्सू-जी या मंदिराची आहे. तेथील उद्यानाच्या कुंपणापलीकडे, झाडांच्या खोडांमधून हिएई पर्वत दिसतो. तो त्या उद्यानाचाच भाग धरलेला आहे. दूरचा डोंगर असा उसना घेण्याला त्यांच्या शास्त्रात खास नाव आहे. शहर वाढू लागले आणि मध्ये इमारती येण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा २००७ साली क्योतो महापालिकेने अशा दृश्यांच्या आड येणाऱ्या इमारतींवर नियमानेच बंधन घातले. उसना घेतलेला डोंगर बुडू नये म्हणून केलेला हा कायदा! असा एखादा कायदा आपल्या हातून लिहिला जावा, असे त्या दिवशी फार वाटले.

ऱ्योआन-जीतून निघण्यापूर्वी इमारतीच्या मागच्या बाजूला असलेले दगडी पाणवठ्याचे भांडे पाहिले. त्याच्या मध्यभागी चौकोनी खळगा आहे आणि चारी बाजूंना चार अक्षरखुणा कोरल्या आहेत. त्या सुट्या वाचल्या तर काही अर्थ लागत नाही. मधला पाण्याचा चौकोन प्रत्येकीला जोडून वाचला म्हणजे ‘मी केवळ पुरेसे आहे हे जाणतो’ असे वाक्य तयार होते. येथे मात्र अर्थ स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तोही पाण्याशिवाय पुरा होत नाही.

मुले तोवर निघून गेली होती. मी पुन्हा ओसरीवर आलो. एक वयस्क कर्मचारी फळ्या पुसत होता. मंदिर उघडण्यापूर्वीच खडीवरच्या रेघा ओढून झाल्या होत्या; ओढणारा उलट पावलांनी मागे सरकत आलेला असणार, कारण कोठे पाऊल उमटलेले नव्हते. मी मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांनी त्या गृहस्थाला विचारले, की नावे कोरलेला दगड कोणता? त्याने माझ्याकडे एकवार नीट पाहिले. हातातला कपडा बाजूला ठेवला, माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि माझी दृष्टी बरोबर जाईल असा हात लांब करून भिंतीजवळच्या एका दगडाकडे बोट दाखविले. ‘कोतारो,’ तो म्हणाला. दगडावर उन्हाची एक तिरीप आली होती. आमच्याकडची बाजू अगदी साधी, करड्या रंगाची होती. पायाशी थोडे शेवाळ होते.